हौशी गोल्फपटू बॉबी जोन्स

आपल्या शाळेतल्या गोल्फ खेळणाऱ्या कॅडेट्सची एक नेहमीची तक्रार असते. बोर्डाची परीक्षा आली, कॅम्प आला, सुट्टी लागली की दोन-तीन महिने क्लबला हात लागत नाही, आणि परत आल्यावर चेंडू वाटेल तिकडे जातो. पालकांची काळजी याच्या उलट. खेळात इतका वेळ गेला तर अभ्यासाचे काय, असे ते विचारतात. पुढे सैन्यात गेल्यावर हा खंड महिन्यांचा राहत नाही, वर्षांचा होतो. मी स्वतः फील्ड पोस्टिंगमुळे सहा वर्षे या खेळापासून दूर होतो आणि गेली दोन वर्षे पुन्हा खेळतो आहे. या दोन वर्षांत ज्या माणसाच्या चरित्राचा मला सर्वांत जास्त उपयोग झाला, त्याची ओळख मराठी पानाच्या वाचकांना करून द्यावी म्हणून हा लेख.

रॉबर्ट टायर जोन्स, म्हणजेच बॉबी जोन्स, याचा जन्म १७ मार्च १९०२ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरात झाला. लहानपणी तो इतका अशक्त होता की पाचव्या वर्षापर्यंत त्याला धड अन्न पचत नसे. मोकळी हवा मिळावी म्हणून आईवडिलांनी उन्हाळ्यासाठी ईस्ट लेक येथे गोल्फ मैदानाशेजारी घर घेतले. तिथे स्टुअर्ट मेडन नावाचा स्कॉटलंडहून आलेला व्यावसायिक प्रशिक्षक होता. बॉबीने त्याच्याकडे रीतसर शिकवणी अशी कधी घेतली नाही. मेडनच्या मागे मागे फिरायचे, तो कसा उभा राहतो, क्लब कसा फिरवतो ते बघायचे आणि घरामागे तसेच करायचे, एवढेच. मुले नक्कल करून जे शिकतात ते हाडात मुरते, हे ड्रिल शिकवणाऱ्या कोणत्याही उस्तादाला सांगावे लागणार नाही.

चौदाव्या वर्षी, १९१६ साली, तो अमेरिकेच्या राष्ट्रीय हौशी स्पर्धेत मेरियन येथे उतरला आणि उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले. त्यानंतर मात्र सात वर्षे एकही मोठे विजेतेपद नाही. त्यातली दोन वर्षे पहिल्या महायुद्धामुळे राष्ट्रीय स्पर्धाच बंद होत्या. त्या काळात त्याने रेड क्रॉसच्या मदतीसाठी प्रदर्शनीय सामने खेळले. पण बाकीच्या वर्षांना तसे कारण नव्हते. कारण होता त्याचा राग. फटका चुकला की क्लब भिरकावून द्यायचा, हे ठरलेले. १९२१ साली सेंट अँड्र्यूजला ब्रिटिश ओपनच्या तिसऱ्या फेरीत पहिल्या नऊ होलना त्याला ४६ फटके लागले, दहाव्यावर आणखी सहा, आणि अकराव्यावर चेंडू बंकरमध्ये अडकल्यावर त्याने फेरी तिथेच सोडून दिली. गोल्फच्या माहेरघरी, स्कॉटिश प्रेक्षकांसमोर! त्याच वर्षी सेंट लुईसला त्याने फेकलेला क्लब एका प्रेक्षक स्त्रीच्या पायाला लागला आणि अमेरिकन गोल्फ संघटनेने त्याला लेखी ताकीद दिली. वागणूक सुधारली नाही तर संघटनेच्या स्पर्धा बंद, असा तिचा अर्थ होता.

आता अभ्यासाकडे वळू, कारण माझ्या मते या चरित्राचा गाभा तिथे आहे. १९२२ साली जोन्सने जॉर्जिया टेकमधून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. मग हार्वर्डला जाऊन इंग्रजी साहित्याची पदवी घेतली. आधीच्या कॉलेजकडून खेळून झाल्यामुळे हार्वर्डच्या संघात त्याला खेळता येत नव्हते, म्हणून तो संघाचा सहायक व्यवस्थापक झाला. जगातल्या उत्तम खेळाडूंपैकी एक, आणि दुसऱ्यांच्या सामन्यांची व्यवस्था बघतो आहे! पुढे १९२६ मध्ये एमरी विद्यापीठात कायद्याचा अभ्यास सुरू केला आणि वर्षभरातच वकिलीची परीक्षा पास होऊन कॉलेज सोडले. त्यानंतर वडिलांच्या फर्ममध्ये वकिली. गोल्फ हा त्याचा धंदा कधीच नव्हता. १९२३ ते १९३० या काळात त्याने अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मोजून २१ प्रमुख स्पर्धा खेळल्या आणि त्यातल्या १३ जिंकल्या. वर्षातले कितीतरी महिने क्लब कोपऱ्यात उभे असत. म्हणजे खंड पडणे हा त्याच्या आयुष्यात अपवाद नव्हता, तो नियमच होता.

पहिला मोठा विजय अशाच खंडानंतर आला. १९२३ च्या जुलैत, हार्वर्डच्या वर्षात फारसे न खेळलेला जोन्स न्यूयॉर्कजवळ इनवूड येथे अमेरिकन ओपनला आला. शेवटच्या फेरीअखेर तीन होलवर ५, ५ आणि ६ असे फटके देऊन त्याने हातातला विजय घालवला आणि बॉबी क्रुइकशँकशी बरोबरी झाली. दुसऱ्या दिवशी प्ले-ऑफमध्ये सतरा होलनंतरही दोघे बरोबर. अठराव्यावर जोन्सचा चेंडू फेअरवेच्या कडेला खुरट्या जागेत, पुढे सुमारे १९० यार्ड अंतर आणि ग्रीनच्या अलीकडे पाणी. पूर्वीचा जोन्स इथे चरफडला असता. या वेळी त्याने फार विचार न करता लोखंडी क्लब काढला आणि चेंडू झेंड्याजवळ नेऊन ठेवला. त्या एका फटक्याने सात वर्षांचा दुष्काळ संपला.

बदल नेमका काय झाला? समोरच्या खेळाडूशी खेळायचे सोडून कार्डावरच्या पारशी खेळायचे, हे त्याने मनाशी ठरवून टाकले. समोरचा चांगला खेळो वा वाईट, पार आपल्या जागी स्थिर असते, ते कधी खचत नाही आणि कधी उसळत नाही. मी परत खेळायला लागलो तेव्हा माझ्या आधीच्या हँडिकॅपशी रोज तुलना होत असे. जोन्सची ही युक्ती वाचल्यावर मी ती तुलना बाजूला ठेवली आणि आजच्या कार्डाशी आजचा खेळ असे सुरू केले. त्याने दोन महिन्यांत फरक पडला. चेंडू लांब जायला लागला असे नाही. एका वाईट होलनंतर पुढचे तीन होल वाया जाणे तेवढे थांबले.

दुसरी गोष्ट पटिंगची. मोठा स्विंग शरीर विसरत नाही, सायकलसारखाच. बोटांतला अंदाज मात्र आधी जातो आणि शेवटी परत येतो. जोन्सलाही हे ठाऊक होते. १९२४ मध्ये ऑगस्टा येथे त्याने वॉल्टर ट्रॅव्हिस या वयस्क खेळाडूकडून पटिंगचा धडा घेतला आणि पाय जवळ ठेवून, पकड बदलून नव्याने सुरुवात केली. या ट्रॅव्हिसविषयी पालकांसाठी एक ओळ: त्याने पहिल्यांदा गोल्फ क्लब हातात घेतला तो चौतिसाव्या वर्षी, आणि चार वर्षांत, १९०० साली, तो अमेरिकेचा हौशी विजेता झाला. तेव्हा रविवारी मुलांना भेटायला येणाऱ्या वडिलांनी आता आपले वय झाले असे म्हणू नये.

आपल्या शाळेत ऑनर कोड शिकवतात, म्हणून १९२५ ची गोष्ट सांगायलाच हवी. वूस्टर येथे अमेरिकन ओपनच्या पहिल्या फेरीत उंच गवतात फटक्याची तयारी करताना जोन्सचा चेंडू किंचित हलला. कोणीच पाहिले नव्हते. पंचांनी चौकशी केली, कोणालाच काही सांगता येईना. जोन्सने मात्र स्वतःवर एक फटक्याचा दंड लावून घेतला. स्पर्धेअखेर त्याची विली मॅकफार्लेनशी बरोबरी झाली आणि १८ होलच्या दोन प्ले-ऑफनंतर तो एका फटक्याने हरला. लोक कौतुक करू लागले तेव्हा त्याला ते अवघडल्यासारखे झाले. नियम पाळण्यात कौतुक कसले, असे त्याचे मत होते.

१९३० च्या वर्षासाठी त्याने जी तयारी केली ती खंडानंतर परतणाऱ्या प्रत्येकाने वाचण्यासारखी आहे. हिवाळ्यात त्याचे वजन वाढत असे. त्या हिवाळ्यात त्याने डग्लस फेअरबँक्स या सिनेनटाने काढलेला, टेनिस आणि बॅडमिंटन यांच्या मधला एक खेळ अटलांटामधल्या एका नाट्यगृहात खेळून अंग हलके केले. मग वसंतात दोन लहान स्पर्धा खेळला. सव्हाना येथे दुसरा आला, ऑगस्टा येथे १३ फटक्यांनी जिंकला. आधी शरीर, मग छोटी स्पर्धा, मग मोठी. आपल्याकडे सुट्टीवरून आल्या आल्या आंतर-शाळा स्पर्धेत नाव देणारे कॅडेट्स नेमके याच्या उलट करतात.

मे महिन्यात सेंट अँड्र्यूजला ब्रिटिश हौशी स्पर्धा. सिरिल टॉलीशी सामना एकोणिसाव्या होलपर्यंत रंगला. अंतिम फेरीत रॉजर वेदरेडवर सात होलची आघाडी घेऊन, सहा बाकी असतानाच विजय. जूनमध्ये हॉयलेकला ब्रिटिश ओपन. शेवटच्या फेरीत आठव्या होलवर दोन फटक्यांत तो ग्रीनच्या काठाशी पोचला होता, आणि तिथून त्याला आणखी पाच लागले! तरी राग नाही, घाई नाही. जुलैत कडक उन्हात मिनियापोलिसजवळ अमेरिकन ओपन. शेवटी सप्टेंबरमध्ये पुन्हा मेरियन, जिथे चौदाव्या वर्षी तो प्रथम दिसला होता. २७ सप्टेंबरला अकराव्या होलवर अंतिम सामना संपला तेव्हा गर्दी इतकी उसळली की अमेरिकन मरीन सैनिकांनी कडे करून त्याला क्लब-हाउसपर्यंत पोचवले. एका वर्षात चारही स्पर्धा. दोन महिन्यांनी, वयाच्या २८ व्या वर्षी, त्याने स्पर्धांतून निवृत्ती जाहीर केली.

रॉजर वेदरेडची बहीण जॉइस वेदरेड हिचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. तिनेही १९२५ नंतर स्पर्धा सोडल्या होत्या. १९२९ मध्ये महिलांची ब्रिटिश स्पर्धा सेंट अँड्र्यूजला आहे म्हणून ती परतली आणि ग्लेना कॉलेटला हरवून जिंकली. तिच्याइतका सुंदर स्विंग आपण पुरुषांतही पाहिला नाही, असे जोन्स सांगत असे. आता आपल्या अकादमींतही मुली येत आहेत, त्यांनी हे नाव जरूर शोधून वाचावे.

परतणे नेहमीच जमते असे मात्र नाही. जोन्सने क्लिफर्ड रॉबर्ट्सबरोबर ऑगस्टा नॅशनल उभारले आणि १९३४ मध्ये तिथल्या पहिल्या स्पर्धेत, आज जिला मास्टर्स म्हणतात, तो यजमान म्हणून खेळला. ७६, ७४, ७२, ७२. विजेत्यापेक्षा दहा फटके जास्त. ग्रीनपर्यंत खेळ पूर्वीसारखा होता, पण छोट्या पटला हात कापत असे. पुढेही तो दरवर्षी खेळला, पण कधी जिंकला नाही. तरी १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकला जाता जाता तो सेंट अँड्र्यूजला एक शांत फेरी खेळायला थांबला, तेव्हा बातमी फुटून दुकाने बंद झाली, हजारो लोक मागे लोटले, आणि बऱ्याच दिवसांत नीट न खेळलेल्या या माणसाने पहिले नऊ होल ३२ फटक्यांत पूर्ण केले. कोणतेही बक्षीस नव्हते. त्या गावात त्याला जे वाटे ते खेळात उतरले, एवढेच मी म्हणेन.

दुसऱ्या महायुद्धात वय चाळीस, पायाच्या शिरांचे जुने दुखणे. त्याला घरी बसता आले असते. त्याने हट्टाने कमिशन घेतले, हवाई दलाच्या गुप्तवार्ता शाखेत कॅप्टन झाला आणि नॉर्मंडीच्या चढाईच्या दुसऱ्या दिवशी, ७ जून १९४४ ला, फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरला. आघाडीवर त्याने युद्धकैद्यांच्या चौकशीचे काम केले. लेफ्टनंट कर्नल म्हणून तो परतला. या काळात ऑगस्टाच्या मैदानावर गुरे आणि टर्की पाळल्या जात होत्या.

१९४८ मध्ये त्याने शेवटची फेरी खेळली. पाठीच्या कण्याच्या एका असाध्य आजाराने आधी काठी, मग कुबड्या, मग चाकांची खुर्ची. या खंडातून परत येणे नव्हते, आणि त्याने त्याविषयी गाऱ्हाणे केले नाही. १९५८ मध्ये सेंट अँड्र्यूज गावाने त्याला मानद नागरिकत्व दिले. हा मान त्याआधी बेंजामिन फ्रँकलिन या एकाच अमेरिकनाला मिळाला होता. १८ डिसेंबर १९७१ ला अटलांटा येथे त्याचे निधन झाले. पुढच्या वर्षी सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवरच्या दहाव्या होलला त्याचे नाव देण्यात आले. १९२१ साली त्याने ज्या अकराव्या होलवर खेळ सोडला होता, तो त्याच्या लगेच पुढचा.