तोंडानं बोलला, हातांनी जिंकला!

परीक्षेआधीच मी पहिला येणार असं सांगणारा आणि खरंच पहिला येणारा एखादा तुमच्याही वर्गात असेल. त्याचं अभिनंदन करून वळलो की आपण कुजबुजतो, माज बघ किती! सव्वादोनशे वर्षांपूर्वी लंडनमधल्या एका बॉक्सरनं हेच झेललं. त्याचं नाव डॅनियल मेंडोझा.

१७६४ च्या सुमारास लंडनच्या पूर्व भागात, एका साध्या ज्यू कुटुंबात तो जन्मला. तेव्हा बॉक्सिंगमध्ये ना ग्लोव्हज होते, ना वजनी गट. उंची ५ फूट ७ इंच, वजन ७३ किलोच्या आसपास, आणि समोर धिप्पाड गडी! उभं राहून ठोसे हाणायचे आणि सोसायचे, ही तेव्हाची रीत. मेंडोझानं डोकं चालवलं. बाजूला सरकायचं, ठोसा अडवायचा, मग मारायचा. आज नवख्या बॉक्सरला हेच शिकवतात. तेव्हा मात्र अनेकांना तो पळपुटेपणा वाटला.

जानेवारी १७८८ मध्ये रिचर्ड हम्फ्रीजनं त्याला हरवलं. पण गप्प बसेल तो मेंडोझा कसला! त्यानं वर्तमानपत्रात पत्रं लिहून पुन्हा आव्हान दिलं. हम्फ्रीजनंही छापील उत्तरं दिली. आजच्या सोशल मीडियावरची खुन्नसच म्हणा ना! मग १७८९ आणि १७९० मध्ये मेंडोझानं त्याला दोनदा लोळवलं. तो इंग्लंडचा चॅम्पियन मानला जाऊ लागला. त्याची चित्रं खपली, मगवरही तो झळकला. त्यानं बॉक्सिंगची शाळा काढली, पुस्तक लिहिलं. धर्म लपवला नाही. मेंडोझा द ज्यू म्हणूनच मिरवला.

टाळ्या मिळाल्या, पण अटी लागू होत्या. १७९५ मध्ये जॉन जॅक्सननं एका हातानं त्याचे लांब केस धरले आणि दुसऱ्यानं ठोसे लगावले. नियमात बसत होतं. जॅक्सन जिंकला आणि पुढे जंटलमन म्हणून ओळखला गेला. कवी बायरनही त्याच्याकडे शिकला. म्हणजे सरकणारा पळपुटा, आणि केस धरणारा सभ्य!

मेंडोझाही चुकला. १८०९ मध्ये कॉव्हेंट गार्डन थिएटरनं तिकिटं महाग केली, प्रेक्षक भडकले. त्यांना आवरायला मालकांनी बॉक्सर बोलावले, त्यात हाही होता. राग रास्त होता. पण तो त्याच्या कृतीवर थांबला नाही, त्याच्या धर्मावर घसरला. इतकी वर्षं मनात दबलेलं बाहेर आलं. १८३६ मध्ये तो गेला, तेव्हा घरात गरिबीच होती.

म्हणून पुढच्या वेळी कुणी छाती ठोकून बोललं आणि जिंकलंही, तर स्वतःला एक विचारा. आपल्याला खुपतोय तो त्याचा माज, की तो आपल्यातला नाही हे?