साधी गोळी, अचूक नेम : विल्यम मेटफर्ड

फायरिंग रेंजवरून परतताना एक तक्रार हमखास कानावर येते. नेम बरोबर होता, गोळीच खराब निघाली! जास्त किमतीची, खास बनवलेली गोळी मिळाली असती तर ग्रुपिंग नक्की सुधारले असते, असे प्रत्येक नवख्या नेमबाजाला वाटते. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या नामांकित नेमबाजांनाही असेच वाटत होते. त्या काळी लांब पल्ल्याच्या स्पर्धेत काडतुसांचा तयार डबा मिळत नसे. नेमबाज दारू स्वतः मोजून नळीच्या तोंडातून ओतत असे, आणि स्वतः निवडलेली गोळी गजाने आत सरकवत असे. त्यामुळे कोणती गोळी घ्यावी आणि तिच्यावर किती खर्च करावा, हा त्याच्यापुढचा रोजचा प्रश्न होता. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात विल्यम एलिस मेटफर्ड यांनी उभे आयुष्य घालवले.

मेटफर्ड यांचा जन्म 4 ऑक्टोबर 1824 रोजी इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील टाँटन येथे झाला. वडील डॉक्टर होते. शेरबोर्न येथील शाळेत शिक्षण झाल्यावर ते रेल्वेच्या कामात उमेदवारी करू लागले आणि पुढे स्थापत्य अभियंता झाले. जमिनीचे मोजमाप करणे, उतार काढणे, कोन अचूक घेणे हा त्यांचा रोजचा व्यवसाय. मोजणीसाठी वापरल्या जाणाऱ्या थिओडोलाइट यंत्रातही त्यांनी सुधारणा केल्या. नेमबाजीची आवड तरुणपणापासूनच होती. पण त्यांची नजर नेमबाजाची कमी आणि मोजणी करणाऱ्याची अधिक होती. गोळी चुकली की नशिबाला बोल न लावता ती किती चुकली, कोणत्या बाजूला चुकली आणि का चुकली, हे ते तपासत. बार उडताच त्या धक्क्याने नळी किंचित हलते आणि गोळी बाहेर पडण्याआधीच तिची दिशा बदलते, हे त्यांच्या फार लवकर ध्यानात आले होते.

त्या सुमारास सैन्यात मिनिये पद्धतीची गोळी आली होती. ही गोळी नळीपेक्षा थोडी बारीक असल्यामुळे भरायला सोपी जाई. तिच्या पोकळ बुडात लोखंडाची छोटी वाटी बसवलेली असे. बार उडाला की ती वाटी आत घुसून शिसे फुगवी आणि गोळी नळीच्या खाचांत घट्ट बसे. कल्पना उत्तम होती, पण प्रत्येक गोळीला एक जादा भाग, जादा मजुरी आणि बिघाडाचे एक जादा कारण जोडले गेले होते. ही वाटी मुळात हवीच कशाला, असा विचार मेटफर्ड यांनी केला. बुडाची पोकळी नीट आखली तर दारूचा वायूच शिसे फुगवील, हे त्यांनी 1852 च्या अखेरीस सुचवले. लंडनचे बंदूक कारागीर प्रिचेट यांच्या मदतीने अशी गोळी एन्फील्ड रायफलसाठी तयार झाली आणि सरकारने ती स्वीकारली. एक भाग कमी झाला, गोळी सोपी आणि स्वस्त झाली. सरकारने 1000 पौंडांचे बक्षीसही दिले, पण ते प्रिचेट यांना! मेटफर्ड यांच्या वाट्याला काहीच आले नाही. तरीही त्यांनी आपले काम सोडले नाही.

पुढे त्यांना ईस्ट इंडियन रेल्वेत नोकरी मिळाली आणि 1857 साली ते बिहारमधील मुंगेर येथे आले. ते पोहोचले आणि थोड्याच दिवसांत उठाव पेटला. ज्या एन्फील्ड रायफलच्या गोळीचा त्यांनी विचार केला होता, तिच्याच काडतुसांना लावलेल्या चरबीने शिपायांच्या मनात संतापाची ठिणगी टाकली होती. गोळी अचूक बनवणाऱ्यांनी तिचा कागद दाताने फाडणाऱ्या शिपायाच्या मनाचा विचारच केला नव्हता. मेटफर्ड अर्थातच इंग्रजांच्या बाजूला होते. मुंगेरच्या इंग्रज वस्तीच्या संरक्षणाची व्यवस्था उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. मात्र अतिश्रम आणि हवामान यांनी त्यांची प्रकृती ढासळली आणि साधारण वर्षभरातच त्यांना मायदेशी परतावे लागले.

इंग्लंडमध्ये तेव्हा जोसेफ व्हिटवर्थ यांच्या रायफलचा बोलबाला होता. व्हिटवर्थ हे अचूक मोजमापाचे महान अभियंता. त्यांच्या नळीचे छिद्र षटकोनी होते आणि त्यात बसणारी गोळीही षटकोनी. वजन सुमारे 530 ग्रेन, म्हणजे 34 ग्रॅमच्या आसपास, आणि व्यास एन्फील्डपेक्षा बराच कमी. लांब आणि सडपातळ असल्यामुळे ती हवेत वेग टिकवून धरी आणि वारा तिला कमी ढकलू शके. 2 जुलै 1860 रोजी विम्बल्डनच्या मैदानावर राणी व्हिक्टोरिया यांनी पहिला बार उडवला, तो 400 यार्डांवर, टेकूवर पक्क्या बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलीतून. गोळी लक्ष्याच्या मध्याजवळच लागली. पण ही रायफल एन्फील्डच्या कित्येक पट महाग होती, आणि षटकोनी गोळी यंत्रावर काटेकोर घडवावी लागे. सैन्याने ती सर्वांसाठी कधीच घेतली नाही.

मेटफर्ड यांनी या यशाचे दोन भाग वेगळे केले. गोळी लांब, जड आणि बारीक असणे हे अचूकतेचे खरे कारण आहे काय? की तिचे सहा कोन? त्यांचा निष्कर्ष असा की लांबी आणि वजन हवेच, कोनांची मात्र गरज नाही. त्याऐवजी शिशाच्या कठीणपणाकडे लक्ष द्यायला हवे. निव्वळ शिशाची लांब गोळी बाराच्या धक्क्याने दबते, आणि कधी एका बाजूला जास्त दबते. अशी वाकडी झालेली गोळी हजार यार्डांवर सरळ जाणार कशी? म्हणून त्यांनी शिसे कठीण करून साधी दंडगोल गोळी घेतली आणि तिच्याभोवती पातळ कागद गुंडाळला. कठीण गोळी फार फुगत नाही, म्हणून नळीतल्या खाचाही त्यांनी अगदी उथळ ठेवल्या. गोळी जेमतेम फुगून खाचांत बसते, तिचा आकार बिघडत नाही, आणि उथळ खाचांत जळलेल्या दारूची काजळीही कमी साचते. अशी गोळी साच्यात ओतता येते. तिला महागड्या यंत्राची गरज नसते.

1865 साली पाच उथळ खाचांची त्यांची पहिली स्पर्धा रायफल लोकांसमोर आली. सर हेन्री हॅलफर्ड हे नावाजलेले नेमबाज त्यांचे जिवलग मित्र आणि सहकारी. मेटफर्ड यांची गणिते हॅलफर्ड मैदानावर पडताळून पाहत. 1871 मध्ये विम्बल्डनला मागून भरायच्या लष्करी रायफलींचे मुख्य बक्षीस हॅलफर्ड यांनी मेटफर्ड रायफलीने जिंकले. 1877 ते 1894 या काळात ड्यूक ऑफ केंब्रिज यांच्या नावाचे बक्षीस मेटफर्ड रायफलीच्या हातून फक्त चार वेळा निसटले.

मेटफर्ड यांनी स्फोटक गोळीही तयार केली होती आणि ती सरकारने पसंतही केली होती. परंतु 1868 च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्याने 400 ग्रॅमपेक्षा हलक्या स्फोटक गोळ्यांवर युद्धात बंदी आली. शत्रूला नाहक यातना देणारे शस्त्र वापरायचे नाही, हा नियम सैनिकाला आजही बांधील आहे.

1888 मध्ये ब्रिटिश सैन्याने .303 बोअरची नवी रायफल स्वीकारली. जेम्स ली यांची यंत्रणा आणि मेटफर्ड यांच्या सात उथळ खाचांची नळी, म्हणून नाव पडले ली-मेटफर्ड. थोड्याच वर्षांत कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली. तिच्या प्रखर उष्णतेने त्या उथळ खाचा झपाट्याने झिजू लागल्या. 1895 मध्ये खोल खाचांची नळी आली आणि रायफलीचे नाव ली-एन्फील्ड झाले. काळ्या दारूसाठी जे उत्तर अचूक होते, ते नव्या दारूसाठी चालले नाही. 14 ऑक्टोबर 1899 रोजी ब्रिस्टल येथे मेटफर्ड यांचे निधन झाले.

आपल्याला दारू मोजायची नसते, गोळीही निवडायची नसते. रेंजवर सर्वांना एकाच पेटीतली काडतुसे मिळतात, आणि तीच न्याय्य पद्धत आहे. तरीही मेटफर्ड यांचा धडा आपल्या कामाचा आहे. एका गोळीवरून निष्कर्ष काढू नये. पाच गोळ्यांचे ग्रुपिंग पाहावे, ते मध्यापासून किती आणि कोणत्या बाजूला आहे हे वहीत लिहावे, वारा आणि उजेड नोंदवावा, आणि पुढच्या वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. एवढे केल्यावरही गोळीचाच दोष दिसला, तर तो खुशाल उस्तादांना सांगावा. बहुतेक वेळा वही दुसरेच काहीतरी सांगेल.