बाबासाहेबांचा मधुमेह आपण का झाकून ठेवतो?

दरवर्षी ६ डिसेंबरच्या भाषणांत बाबासाहेबांच्या अठरा-अठरा तासांच्या अभ्यासाचा उल्लेख हमखास होतो. ज्या देहाने हा अभ्यास केला, त्या देहाची अवस्था काय होती, हे मात्र कोणी बोलत नाही. मधुमेहाचे नाव घेतले तर महामानवाची उंची कमी होईल, अशी आमच्या वक्त्यांना भीती वाटत असावी. आम्हाला ती वाटत नाही.

१९४८ च्या प्रारंभी राज्यघटनेचा मसुदा पूर्ण होत आला होता. त्याच दिवसांत पायांतील मज्जातंतूंच्या वेदनांनी बाबासाहेबांच्या रात्रीच्या रात्री जागून जात होत्या. रक्तातली साखर दीर्घकाळ चढी राहिली की मज्जातंतू खराब होतात आणि हे दुखणे बहुधा रात्रीच उसळते. झोप उडालेला माणूस दुसऱ्या दिवशी कायद्याचे कलम कसे तपासतो, हे आम्हा वकिलांना विचारा. एक जागरण झाले तर आम्ही तारीख मागून घेतो!

मसुदा समितीत सात सदस्य होते. त्यांची हजेरी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी टी. टी. कृष्णमाचारी यांनीच घटना समितीत मांडली. एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत, एक संस्थानी कारभारात गुंतलेले आणि एक-दोघे प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर. सारा भार अखेर आंबेडकरांवर पडला, हेही त्यांनी मान्य केले. प्रकृतीची सवलत इतरांनी घेतली आणि ज्यांना ती सर्वांत जास्त हवी होती ते कामावर हजर राहिले. मसुद्यावर साडेसात हजारांहून अधिक दुरुस्त्या आल्या. त्यांपैकी २४७३ सभागृहात मांडल्या गेल्या.

मात्र बाबासाहेबांनी आजार अंगावर काढला असे कोणी समजू नये. डॉ. मालवणकरांचे उपचार त्यांनी घेतले, इन्सुलिन घेतले. १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला, त्यामागेही घरात सतत वैद्यकीय देखभाल हवी हा विचार होता. समाजातून टीका होणार हे ठाऊक असूनही त्यांनी तो निर्णय घेतला.

१० ऑगस्ट १९५१ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. आपली प्रकृती डॉक्टरांना काळजीत टाकते आहे, तेव्हा त्यांच्या हाती स्वतःला सोपवण्यापूर्वी हिंदू कोड बिल मार्गी लागावे, असा त्याचा आशय होता. एक आजारी माणूस वेळेचा हिशेब मांडत होता आणि सरकार वेळकाढूपणा करत होते. अवघी चार कलमे मंजूर झाली आणि बिल गुंडाळले गेले. २७ सप्टेंबरला त्यांनी राजीनामा दिला.

पुढची पाच वर्षे दृष्टी अधू होत गेली, हातात काठी आली, चालताना दुसऱ्याचा आधार लागू लागला. अनेक हस्तलिखिते अपुरी राहिली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ मात्र त्यांनी पूर्णत्वास नेला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा दिली, नोव्हेंबरात काठमांडूला जाऊन आले आणि ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

यानंतर काही जणांनी माईसाहेबांवर संशयाची राळ उडवली. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला, तरी कुजबुज थांबली नाही. वकील म्हणून आम्ही पुरावा पाहतो. निदान आठ-नऊ वर्षांचा मधुमेह, मज्जातंतूंचा विकार, रक्तदाब आणि विश्रांती नाही. आणखी कोणते कारण शोधायचे? आपले आयुष्य वाढवल्याबद्दल पत्नीचे आणि डॉ. मालवणकरांचे आभार बाबासाहेबांनी त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत स्वतः मानले होते. ग्रंथ १९५७ साली निघाला, तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती.

आमचे कितीतरी कार्यकर्ते आजही मोर्च्याच्या दिवशी साखरेची गोळी चुकवतात, सकाळपासून चहावर राहतात आणि तपासणीचा कागद घरच्यांपासून लपवतात. टोकले तर म्हणतात, बाबासाहेबांनी कुठे देहाची पर्वा केली!