र. धों.चे केंद्र, सरकारी तिजोरी आणि गडचिरोलीतली तपासणी

रघुनाथ धोंडो कर्वे नऊ वर्षांचे असताना त्यांची आई राधाबाई बाळंतपणात गेली. साल १८९१. तिचे वय सत्तावीसच्या आसपास. आठव्या वर्षी लग्न होऊन ती मुरूडच्या कर्व्यांच्या घरात आली होती. तिच्या नवऱ्याने पुढे विधवेशी पुनर्विवाह केला, विधवांसाठी आश्रम काढला, महिला विद्यापीठ उभारले आणि तो महर्षी कर्वे म्हणून देशभर ओळखला गेला. राधाबाईंचे नाव मात्र चरित्रांमधल्या एखाद्या ओळीपुरते उरले. बाळंतपणात बाई दगावणे ही त्या काळी बातमीच नव्हती.

आईच्या या मरणामुळेच मुलगा संततिनियमनाकडे वळला, असा सरळ धागा जोडण्याचा मोह टाळलेला बरा. र. धों. स्वतः पुराव्याशिवाय बोलणाऱ्यांची खिल्ली उडवत असत. त्यांचा आग्रह एका वाक्यात मावण्यासारखा होता: मूल केव्हा हवे आणि हवे की नको, हे ज्या बाईच्या शरीरातून ते येणार तिला ठरवता आले पाहिजे, आणि त्यासाठीचे ज्ञान व साधने तिच्या हातात पोचली पाहिजेत. ती पोचवायची कोणी आणि कोणाच्या पैशाने, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांना हयातीत मिळाले नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हाच प्रश्न वेगळ्या रूपात अजून उभा आहे. म्हणून आज त्यांची आठवण.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२चा. १८९९च्या मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले, फर्ग्युसनमधून १९०४ साली बी. ए. झाले आणि गणित शिकवू लागले. गणिताच्याच पुढच्या अभ्यासासाठी ते पॅरिसला जाऊन आले. परतल्यावर मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्राध्यापक असताना, १९२१ साली, त्यांनी पत्नी मालतीबाईंच्या साथीने संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. देशातले ते पहिले मानले जाते. त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपला दवाखाना उघडला होता. म्हणजे या एका बाबतीत तरी मुंबई लंडनच्या मागे नव्हती. दोघा नवरा-बायकोंनी स्वतःला मूल होऊ द्यायचे नाही, असेही ठरवले आणि ते पाळले.

केंद्र म्हटल्यावर आज डोळ्यांसमोर पाटी, रांग, केसपेपर येतो. इथे तसे काही नव्हते. माहिती, सल्ला आणि साधने एवढाच मामला, तोही पगारातून चालवलेला. त्या काळची साधने नेमकी कोणती होती, हे इथे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सगळी गोम तिथेच आहे. गोळ्या नव्हत्या, तांबी नव्हती, तीन महिन्यांची सुई नव्हती. पुरुषासाठी रबरी निरोध, आणि बाईसाठी गर्भाशयाच्या तोंडावर बसवायची रबरी टोपी किंवा शुक्रजंतू मारणारी रासायनिक वडी. चांगला माल परदेशातून यायचा आणि महाग पडायचा. टोपी तर प्रत्येक बाईच्या मापाची लागते. ते माप घ्यायला आतून तपासणी करावी लागते, आणि ती कशी बसवायची, काढायची, धुवायची हे कोणीतरी जाणत्या बाईने शिकवावे लागते. वापरायला आडोसा हवा, धुवायला पाणी हवे, ठेवायला जागा हवी. दहा बाय दहाच्या चाळीच्या खोलीत आठ माणसे झोपत असतील, तर यातले काय असणार?

शिवाय र. धों. डॉक्टर नव्हते. आतून तपासणी त्यांच्या हातची नव्हती. ते समजावून सांगू शकत होते, लिहू शकत होते, साधन मिळवून देऊ शकत होते. त्यामुळे त्यांचा फायदा प्रामुख्याने ज्याला वाचता येते आणि ज्याच्या खिशात पैसे आहेत त्यालाच होणार, हे उघड होते. हा त्यांच्या विचारातला दोष नव्हता. एक माणूस आपल्या पगारात जेवढे करू शकतो त्याची ती मर्यादा होती. तपासणीची खोली, पगारी परिचारिका, फुकट किंवा स्वस्त साधने ही कामे सरकारी तिजोरीची.

पगारही फार काळ टिकला नाही. कॉलेज चालवणाऱ्या ख्रिस्ती मंडळींना हा प्रचार मानवला नाही, आणि १९२५मध्ये र. धों.ना राजीनामा द्यावा लागला. त्यानंतर त्यांनी उरलेली शक्ती लेखणीत घातली. १५ जुलै १९२७ रोजी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघाले आणि आर्थिक ओढग्रस्तीत पुढची सव्वीस वर्षे चालले. लैंगिक आजार, पाळी, गर्भधारणा, स्त्रीचे शरीरसुख, वाचकांचे प्रश्न आणि त्यांना दिलेली रोखठोक उत्तरे. घरात उघड ठेवता येणार नाही असे हे मासिक लोक लपवून वाचत. त्याच्यावर खटले झाले नसते तरच नवल. १९३१ साली एका लेखासाठी दंड झाला. १९३४ साली वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला उभा राहिला. त्यात र. धों.च्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, दंड भरावा लागला. पण आंबेडकरांनी तो विषय कोर्टातच सोडून दिला नाही.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई प्रांताच्या विधिमंडळात आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे एक ठराव आला. आंबेडकर स्वतः त्या दिवशी हजर नव्हते, त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी तो मांडला. सरकारने संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्यासाठी लोकांना सोयी पुरवाव्यात, अशी मागणी होती. ठरावामागचा युक्तिवाद लोकसंख्येचा होता तसाच बाळंतपणाने खंगणाऱ्या, मरणाऱ्या गरीब बायकांचाही होता. मतदान झाले. बाजूने ११, विरुद्ध ५२. र. धों. सतरा वर्षे जे एकट्याने ओढत होते, ते सरकारने उचलावे अशी ती मागणी सभागृहाने अशी निकालात काढली.

सरकार हे करूच शकत नव्हते, असेही नाही. म्हैसूर संस्थानाने १९३० सालीच आपल्या सरकारी इस्पितळांतून संततिनियमनाचे दवाखाने सुरू करण्याचा हुकूम काढला होता. आणि मुंबईचा ठराव मंजूर झाला असता तरी चांद्याच्या बाईला त्याचा उपयोग नव्हता. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे तेव्हा मिळून एकच चांदा जिल्हा होते, आणि तो मध्य प्रांत व वऱ्हाडात, नागपूरच्या कारभाराखाली होता. शेजारच्या वर्ध्यात १९३५च्या डिसेंबरात अमेरिकेच्या मार्गारेट सँगरबाई गांधीजींना भेटायला आल्या होत्या. कृत्रिम साधनांना गांधीजींची मान्यता मिळावी, म्हणून त्यांनी खूप खटपट केली. ती मिळाली नाही, गांधीजी संयमावर ठाम राहिले. या नकाराची सावली स्वातंत्र्यानंतरच्या सरकारी खर्चावरही पडली.

पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनासाठी ६५ लाख रुपये ठेवले गेले. १९५२ साली असा अधिकृत कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातला पहिला देश. र. धों. तेव्हा सत्तरीत होते. पण आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीवादी होत्या, आणि सुरुवातीचा भर होता पाळीचे ‘सुरक्षित दिवस’ मोजण्यावर. दिवस लक्षात राहावेत म्हणून बायकांना रंगीत मण्यांच्या माळासुद्धा देऊन पाहिल्या. ज्यांची पाळी अनियमित, ज्यांच्या घरी नवऱ्याचा शब्द शेवटचा, त्यांना माळेचा काय उपयोग, हे सांगायला गणिताच्या प्राध्यापकाची गरज नव्हती. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी र. धों. गेले. ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक नोव्हेंबरात निघाला आणि मासिक बंद पडले.

पुढे पैसा आला, आणि चांगला आला. १९६८ साली सरकारी अनुदानातून तीन निरोध पंधरा पैशांना मिळू लागले, तेव्हा र. धों.च्या काळातला महागाईचा अडसर एका फटक्यात दूर झाला. १९७१च्या कायद्याने गर्भपात वैध झाला. पण पैशाबरोबर उद्दिष्टेही आली. तालुक्याला इतक्या, केंद्राला इतक्या नसबंद्या. आणीबाणीत, १९७६-७७च्या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यांतल्या बहुसंख्य पुरुषांच्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळले. त्या सक्तीचा राग मतपेटीतून बाहेर पडला, पुरुषांची नसबंदी जवळपास संपली, आणि उद्दिष्टांचा सारा भार बायकांच्या पोटावर आला. स्त्रीला निवड मिळावी म्हणून ज्याने नोकरी घालवली, त्याच्या राज्यात निवड हाच शब्द कार्यक्रमातून हरवला होता.

१९८२ साली चांद्यातून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. चार वर्षांनी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिथे गेले आणि ‘सर्च’चे काम सुरू झाले. राणी बंग स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायका-मुलींची तपासणी केली. हा अभ्यास जानेवारी १९८९च्या ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के जणींना एक किंवा अधिक स्त्रीरोग निघाले. अंगावरून पांढरे जाणे, पाळीच्या तक्रारी, गर्भाशयाचे आणि योनीचे जंतुसंसर्ग. यातल्या फक्त ८ टक्के जणींची आधी कधी स्त्रीरोगासाठी तपासणी झाली होती. कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू होऊन तेव्हा साडेतीन दशके उलटली होती. आरोग्य खात्याचा माणूस गावात येत नव्हता असे नाही. तो ऑपरेशनसाठी बाई शोधत यायचा. तिला काही होते का, हे विचारायचे कलम त्याच्या वहीत नव्हते.

या अभ्यासाचा आवाज गडचिरोलीबाहेर बराच लांब गेला. १९९४ साली कैरोमध्ये लोकसंख्येवरची जागतिक परिषद झाली, आणि तिथे देशांनी लोकसंख्येच्या आकड्यांऐवजी स्त्रीचे प्रजनन-आरोग्य केंद्रस्थानी ठेवायचे मान्य केले. तिथपर्यंत जाणाऱ्या चर्चेत गडचिरोलीच्या या आकड्यांचा वाटा होता. एप्रिल १९९६पासून भारत सरकारने पद्धतवार उद्दिष्टे रद्द केली, १९९७मध्ये प्रजनन व बालआरोग्याचा कार्यक्रम आला. कागदावर तरी र. धों.चे म्हणणे दिल्लीत पोचले होते, त्यांच्या निधनानंतर चव्वेचाळीस वर्षांनी.

आज जंगलपट्ट्यातल्या गरीब बाईसाठी सरकारी तिजोरीतून काय मिळते, हे एकदा नीट माहीत असावे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण, आणि घरून येण्या-जाण्याचे वाहन मोफत असते. हे २०११पासून आहे. दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या ग्रामीण बाईला जननी सुरक्षा योजनेतून ७०० रुपये मिळतात. तांबी, गोळ्या आणि २०१७पासून तीन महिन्यांची ‘अंतरा’ सुई आणि आठवड्याची ‘छाया’ गोळीही मोफत. गर्भपात सरकारी केंद्रात होतो आणि त्यासाठी प्रौढ बाईला नवऱ्याची सही लागत नाही. (ही शेवटची गोष्ट आजही अनेक शिकलेल्यांना ठाऊक नसते.)

अडचण योजनांच्या यादीत नाही. भामरागड जिल्ह्याच्या ठिकाणापासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि पर्लकोटेला पूर आला की वर्षानुवर्षे तिथला संपर्क तुटत आला आहे. कळा सुरू झाल्यावर गाडी मागवून अशा ठिकाणी भागत नाही. त्यासाठी काही प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात ‘माहेरघर’ बांधले गेले. बाळंतपणाच्या तारखेआधी काही दिवस बाई तिथे सोबतीच्या माणसासह येऊन राहते. या खर्चाचा हिशेब नसबंद्यांसारखा मांडता येत नाही, पण पैसा नेमका कुठे लागतो हे त्यावरून कळते. बाईला घरचे काम आणि मजुरी सोडून आठवडाभर येऊन राहायचे, तर तिच्या सोबतीच्या माणसाचे जेवण आणि त्याचीही बुडालेली मजुरी हाही आरोग्याचाच खर्च धरावा लागतो.

र. धों. असते तर त्यांनी आणखी एका आकड्यावर बोट ठेवले असते, असे मला वाटते. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांपैकी ३७.९ टक्क्यांनी स्त्रीच्या नसबंदीवर भिस्त ठेवलेली आढळली. पुरुषाच्या नसबंदीवर ०.३ टक्क्यांनी. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, बिनटाक्याची, पोट न उघडता होणारी आहे, आणि तिच्यासाठी सरकार देते तो मोबदला बाईला मिळणाऱ्या रकमेपेक्षा जास्त आहे.