ज्याला वीरप्पनने मारलं, त्या फॉरेस्ट ऑफिसरचा फोटो वीरप्पनच्याच गावातल्या देवळात आहे

वीरप्पन म्हटलं की सगळ्यात आधी मिशा आठवतात. त्या मिशांवर सिनेमे निघाले, वेब सिरीज निघाल्या. गल्लीतल्या एखाद्या मिशीवाल्या काकांना वीरप्पन म्हणून चिडवणारी पोरं आता स्वतः काका झाली, तरी ते नाव काही जुनं होत नाही.

आता दुसरं नाव घेऊ. पी. श्रीनिवास.

बहुतेकांना आठवणार नाही. पण कर्नाटक-तमिळनाडूच्या सीमेवर गोपीनाथम नावाचं एक छोटं गाव आहे. वीरप्पन याच गावात जन्मला. त्या गावात मारिअम्मा देवीचं देऊळ आहे. ही मारिअम्मा म्हणजे आपल्याकडच्या मरीआईसारखीच, रोगराईपासून गावाला राखणारी देवी. त्या देवळात देवीसोबत एका माणसाच्या फोटोला हात जोडले जातात. तो फोटो गावच्या जगप्रसिद्ध पोराचा नाही, श्रीनिवास यांचा आहे. त्याच पोराने त्यांना गोळ्या घातल्या आणि मुंडकं कापून नेलं होतं.

हे असं का झालं, हे समजायला आधी ते जंगल समजून घ्यावं लागतं.

गोपीनाथम कर्नाटकात, पण बोली तमिळ. जवळून कावेरी वाहते, होगेनक्कलचा धबधबा फार लांब नाही. चारी बाजूंनी मलै महादेश्वराच्या डोंगरांचं रान. एका राज्यात गुन्हा करायचा आणि दुसऱ्या राज्यात जाऊन लपायचं, यासाठी याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. एका राज्याचे पोलीस दुसऱ्या राज्यात घुसणार म्हटलं की आधी पत्रव्यवहार, मग परवानगी. तोवर गडी दोन डोंगर ओलांडून गेलेला असायचा.

आणि या रानात दोन गोष्टी होत्या, चंदन आणि हत्ती.

चंदनाचं प्रकरण मोठं गमतीशीर आहे. टिपू सुलतानाच्या काळापासून म्हैसूर राज्यात चंदन हे राजाचं झाड. म्हणजे झाड तुमच्या शेतात उगवलं तरी मालकी सरकारची. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं चालू राहिला, कर्नाटकात तो सैल झाला थेट २००१ साली. त्यामुळे झालं काय, तर चंदन लावण्यात शेतकऱ्याला काडीचा फायदा नव्हता. उलट झाड चोरीला गेलं तर चौकशीचा ताप त्याच्याच डोक्याला. जंगलाला लागून राहणाऱ्या माणसाला चंदनाचे पैसे मिळायचा एकच रस्ता उरला होता, तो म्हणजे चोरट्या तोडीची मजुरी. चंदनाचा वास असतो गाभ्यात. तो गाभा तयार व्हायला कित्येक वर्षं लागतात, आणि कुऱ्हाडीला काही मिनिटं पुरतात.

हत्तींचंही तसंच. आपल्याकडच्या हत्तींमध्ये मोठे सुळे फक्त नराला असतात. त्यामुळे शिकारी नेमके नर टिपत गेले आणि दक्षिणेतल्या कित्येक जंगलांत माद्यांच्या मानाने नर फारच कमी उरले. वीरप्पनची सुरुवात याच धंद्यातून झाली. आधी हस्तिदंत आणि मग चंदन.

थोडक्यात, गोपीनाथमसारख्या गावांसाठी वीरप्पन हा रोजगार होता. तो रोख मजुरी द्यायचा. फॉरेस्टवाले गावात यायचे ते झडती घ्यायला, कुऱ्हाड जप्त करायला किंवा कुणालातरी उचलून न्यायला. मग गावाने खबर कुणाची कुणाला द्यायची?

या प्रश्नाचं उत्तर श्रीनिवास यांना सापडलं होतं.

पंडिल्लापल्ली श्रीनिवास हे मूळचे आंध्रचे. १२ सप्टेंबर १९५४ ला राजमहेंद्री, म्हणजे राजमुंद्रीत त्यांचा जन्म झाला. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी समुद्राला मिळायच्या जरा आधी या गावावरून जाते. शिक्षण विज्ञानाचं. १९७९ मध्ये ते भारतीय वनसेवेत दाखल झाले आणि त्यांना कर्नाटक केडर मिळालं. आयएफएस म्हटलं की अनेकांना परराष्ट्र खातं आठवतं, परदेशातला दूतावास आठवतो. ही दुसरी आयएफएस. हिच्यात वाट्याला येतात जंगलातली रेस्ट हाऊस, जीप, मलेरिया आणि लाकूडचोर.

ऐंशीच्या दशकात ते चामराजनगरच्या बाजूला काम करायला लागले तेव्हा वीरप्पन अजून देशभर गाजलेला नव्हता. सीमेवरचा एक शिकारी आणि तस्कर, एवढीच त्याची ओळख होती. १९८६ मध्ये त्याला बेंगळुरूत पकडण्यात आलं आणि या अटकेमागे श्रीनिवास होते. पुढे शेकडो जवानांना जे जवळपास वीस वर्षं जमलं नाही, ते त्यांनी तेव्हा करून दाखवलं होतं.

चौकशीसाठी वीरप्पनला बुडीपडगाच्या फॉरेस्ट गेस्ट हाऊसमध्ये ठेवलं होतं. तिथून तो पळाला. श्रीनिवास त्या वेळी तिथे नव्हते. तो कसा निसटला याचे नाना किस्से सांगितले जातात, आणि बहुतेक किस्स्यांत पैसा येतोच. त्या एका रात्रीची किंमत नंतर किती जणांनी मोजली त्याचा हिशोब लावायला बसलं तर डोकं गरगरतं. १९८७ मध्ये तमिळनाडूचे वनाधिकारी चिदंबरम यांना पळवून नेऊन मारण्यात आलं. मग पोलीस, खबरी, खबरी असल्याच्या नुसत्या संशयावरून गावकरी. शेवटी १९९० मध्ये स्पेशल टास्क फोर्स उभी राहिली. श्रीनिवास त्या मोहिमेतही होते.

आता इथे सरळसोट गोष्ट असती तर हातातून निसटलेल्या चोराच्या मागे अधिकारी बंदूक घेऊन धावला असता. श्रीनिवास यांनी वेगळंच केलं. ते वीरप्पनच्या गावात जाऊन राहिले.

गोपीनाथममध्ये त्यांनी दवाखान्याची सोय केली, फिरतं औषधपाणी सुरू केलं. आजारी माणसाला गाठायला जिथे डोंगर उतरून जावं लागायचं, तिथे सरकारचा माणूस गोळ्या-औषधं घेऊन दारात यायला लागला. गरिबांसाठी घरं, पाणी, रस्ता अशी कामं त्यांनी मागे लागून करून घेतली. खरं तर यातलं काहीच वनखात्याच्या कामाच्या यादीत बसत नव्हतं. गावाला मारिअम्माचं देऊळ हवं होतं, तर त्यासाठी त्यांनी स्वतःच्या खिशातूनही पैसे घातले. देऊळ उभं राहिलं. वर ज्याचा उल्लेख आला ते हेच देऊळ.

टोळीत असलेल्या पोरांच्या घरी जाऊन ते आईबापांशी बोलायचे. पोरगं शरण आलं तर त्याला मारहाण होणार नाही, कोर्टात बाजू मांडली जाईल, जामीन मिळेल आणि नंतर काम मिळेल, हा शब्द द्यायचे आणि पाळायचे. एकेक करत टोळीतली माणसं बाहेर यायला लागली. जंगलातल्या टोळीला शिधा गावातून जातो, बातमी गावातून जाते आणि नवीन भरतीही गावातूनच होते. ते गावच श्रीनिवास यांच्या बाजूला झुकायला लागलं होतं.

वीरप्पनला हे कळत नव्हतं असं थोडंच आहे? बंदूकवाल्या पोलिसांशी कसं लढायचं हे त्याला ठाऊक होतं. गावातल्या बायाबापड्या ज्याला देव मानायला लागल्यात त्या माणसाचं काय करायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

त्यात एक घरगुती जखम होती. वीरप्पनची बहीण मारी गावातच राहायची आणि श्रीनिवास यांच्या दवाखान्याच्या कामात मदत करायची. तिने आत्महत्या केली. तिने तसं का केलं याबद्दल वेगवेगळं सांगितलं जातं. वीरप्पनने मात्र दोष श्रीनिवास यांच्या माथी मारला आणि तो राग मनात धरला.

१९९१ च्या नोव्हेंबरमध्ये वीरप्पनचा धाकटा भाऊ अर्जुनन निरोप घेऊन आला. वीरप्पन शरण यायला तयार आहे, पण श्रीनिवास यांनी स्वतः यायचं, हत्यार न घेता आणि पोलीस न आणता.

आज हे वाचताना कुणीही म्हणेल की हा सरळ सरळ सापळा आहे, कशाला जायचं? पण त्यांच्या जागी उभं राहून बघा. आधीची माणसं याच पद्धतीने शरण आली होती, शब्दाला शब्द देऊन. आता टोळीच्या म्होरक्याचाच निरोप आलाय, तोही त्याच्या सख्ख्या भावाच्या तोंडून. या वेळी संशय घेऊन फौजफाटा नेला असता, तर इतकी वर्षं गावाला जे सांगितलं ते खोटं ठरलं असतं. भोळेपणा म्हणायचा तर म्हणा, पण आधीच्या कामाशी सुसंगत अशी तीच एक गोष्ट होती.

१० नोव्हेंबर १९९१. श्रीनिवास बंदूक न घेता अर्जुननबरोबर जंगलात चालत निघाले. गोपीनाथमजवळच्या रानात वीरप्पन आणि त्याची माणसं दबा धरून बसली होती. त्यांनी गोळ्या झाडल्या. मग वीरप्पनने त्यांचं मुंडकं कापलं आणि सोबत नेलं. अंत्यसंस्कार शिराविनाच करावे लागले. ते शिर सापडायला त्यानंतर जवळपास तीन वर्षं लागली.

श्रीनिवास तेव्हा ३७ वर्षांचे होते.

१९९२ च्या प्रजासत्ताक दिनी त्यांना मरणोत्तर कीर्ती चक्र जाहीर झालं. शांततेच्या काळातला हा देशातला दुसऱ्या क्रमांकाचा शौर्य पुरस्कार. लढाईवर नसलेल्या, अंगावर लष्कराची वर्दी नसलेल्या एका फॉरेस्ट ऑफिसरला तो मिळाला.

त्यांच्यामागे काय झालं हे बघितलं की ते नेमकं काय करत होते हे जास्त कळतं. ऑगस्ट १९९२ मध्ये पोलीस अधीक्षक हरिकृष्ण आणि उपनिरीक्षक शकील अहमद यांना वीरप्पनने खोटी खबर पेरून जाळ्यात ओढलं आणि मारलं. एप्रिल १९९३ मध्ये पालारजवळ सुरुंगस्फोटात २२ जण गेले. दुसऱ्या बाजूने सरकारी यंत्रणेचाही तोल सुटला. जून १९९२ मध्ये तमिळनाडूतल्या वाचाती या आदिवासी गावात चंदन शोधायच्या नावाखाली वनखातं, पोलीस आणि महसूल खात्याची माणसं घुसली आणि १८ महिलांवर बलात्कार झाले. या खटल्यात २०११ साली २६९ आरोपींपैकी हयात असलेल्या सगळ्यांना, म्हणजे २१५ जणांना, दोषी ठरवण्यात आलं. टास्क फोर्सबद्दलही मारहाण, छळ, बेकायदा डांबून ठेवणं अशा तक्रारींचा ढीग लागला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने न्यायमूर्ती सदाशिव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि पुढे २००७ मध्ये ८९ जणांना २ कोटी ८० लाख रुपये देण्याची शिफारस केली.

गावं पुन्हा मधल्यामध्ये सापडली. रात्री वीरप्पन यायचा, दिवसा टास्क फोर्स. खबर दिली तर एक मारणार, नाही दिली तर दुसरा. दवाखान्याच्या ओट्यावर बसून होणारी बोलणी श्रीनिवास यांच्यासोबतच संपली होती.

अर्जुनन पुढे पोलिसांच्या ताब्यात असताना मेला. २००० साली वीरप्पनने कन्नड सुपरस्टार राजकुमार यांना पळवलं, १०८ दिवस ठेवलं आणि दोन राज्यांची सरकारं गुडघ्यावर आणली. शेवटी १८ ऑक्टोबर २००४ ला तमिळनाडू एसटीएफने धर्मपुरी जिल्ह्यात त्याला गाठून मारलं. तो मेला तेव्हा श्रीनिवास यांना जाऊन तेरा वर्षं होत आली होती.

२०१३ पासून ११ सप्टेंबर हा देशात राष्ट्रीय वन हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. ही तारीख १७३० साली राजस्थानात खेजडीची झाडं वाचवताना मारल्या गेलेल्या अमृतादेवी आणि इतर बिश्नोईंच्या आठवणीतली आहे. दुसऱ्याच दिवशी श्रीनिवास यांची जयंती येते, हा निव्वळ योगायोग.

गोपीनाथमला आता पर्यटक येतात. कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेसचा तिथे कॅम्प आहे, रानवाटांवरून फिरायला नेतात आणि वीरप्पनच्या गोष्टी सांगतात. श्रीनिवास ज्या जीपमधून या डोंगरांत फिरायचे ती जीप वनखात्याने भंगारातून शोधून काढली, दुरुस्त केली आणि जपून ठेवली आहे. दर वर्षी १० नोव्हेंबरला खात्याची माणसं जंगलात, जिथे त्यांना मारलं त्या जागेवर जाऊन फुलं वाहतात. गावातले लोक देवळात जातात.