रुस्तुम-ए-जमाँ गामा : एका नेमाची गोष्ट

बीड जिल्ह्यातील नारायणगडाला लोक धाकटी पंढरी म्हणतात. ज्याला पंढरपूर गाठणे जमत नाही, तो भाविक आषाढीला हा गड चढतो. त्याचे मोठेपण एका दिवसाच्या चालण्यात नसते. वर्षानुवर्षे वारी चुकली नाही, यात असते. आपल्या घरांतही पहाटेच्या अजानपासून रात्रीपर्यंत पाच वेळची नमाज हाच धडा देते. नेम या मुलखातल्या कोणालाच नवा नाही. मात्र शरीराची गोष्ट निघाली की आपण तो विसरतो. पोलीस भरतीची जाहिरात आली की गावोगावची मुले पहाटे रस्त्यावर धावू लागतात. भरती आटोपली की बूट कोनाड्यात आणि तालमीला कुलूप! अशा वेळी एका थोर पहिलवानाचे चरित्र आठवणे उपयोगाचे ठरेल. तो पहिलवान म्हणजे रुस्तुम-ए-जमाँ गामा.

गामांचे मूळ नाव गुलाम मुहंमद बक्ष. त्यांचा जन्म १८७८ साली पंजाबात, अमृतसर भागात, पहिलवानांच्या घराण्यात झाला. ते सहा वर्षांचे असतानाच वडील मुहंमद अजीज बक्ष वारले. पोरक्या मुलाला प्रथम आजोबांनी व त्यांच्यामागून मामांनी सांभाळले. वडिलांची विद्या मुलाच्या अंगी यावी, एवढीच घरच्यांची इच्छा होती. आखाड्याची माती अंगाला लागली ती तेव्हापासून.

१८८८ साली जोधपूरच्या महाराजांनी देशभरच्या पहिलवानांसाठी बैठकांची स्पर्धा भरविली. चारशेहून अधिक पहिलवान उतरले होते. त्यांत दहा वर्षांचा गामाही होता. एकेक धिप्पाड गडी थकून बाजूला होत गेला आणि शेवटच्या पंधरांत हे पोर अजून उठबस करीत होते. महाराजांनी त्यालाच विजयी ठरविले. पुढे दतियाच्या महाराजांनी त्याला आश्रय दिला आणि त्याच्या तालमीची व खुराकाची काळजी मिटली.

आश्रय मिळाला म्हणून गामा सैल पडले नाहीत. भरात असताना ते रोज तीन हजार जोर आणि पाच हजार बैठका काढीत, असे सांगितले जाते. त्यावर दरबारातील पहिलवानांशी लढती होत असत त्या वेगळ्याच. गामांची उंची होती अवघी पाच फूट सात इंच. अंगाने त्यांच्याहून थोराड पहिलवान देशात पुष्कळ होते. निसर्गाने जे उंचीत दिले नव्हते, ते त्यांनी मेहनतीने भरून काढले.

गायकवाडांच्या बडोद्याशीही त्यांच्या नावाची एक आठवण जोडलेली आहे. तेथील संग्रहालयात एक प्रचंड दगड ठेवलेला आहे. तो गामांनी २३ डिसेंबर १९०२ रोजी उचलला, अशी त्यावर नोंद आहे. त्याचे वजन सुमारे १२०० किलो सांगतात. याच शहरात जुम्मादादा या मुसलमान उस्तादांच्या नावाची व्यायामशाळा त्यांचे मराठी शिष्य प्रा. माणिकराव यांनी नावारूपाला आणली. आखाड्याच्या मातीने जातपात कधी विचारली नाही, याची ही जिवंत खूण आहे.

१९१० साली गामा आपले धाकटे बंधू इमामबक्ष यांच्यासह विलायतेला गेले. उंची कमी म्हणून लंडनच्या स्पर्धेत त्यांना प्रवेश मिळेना. तेव्हा गामांनी तेथील पहिलवानांना उघड आव्हान दिले. अमेरिकेचा डॉ. रोलर त्यांच्यापुढे आला, तो दोन वेळा चीत झाला. मग १० सप्टेंबर १९१० रोजी पोलंडचा नामांकित मल्ल स्टॅनिस्लॉस झिबिस्को समोर उभा राहिला. वजनाने तो गामांहून बराच भारी होता. थोड्याच वेळात तो खाली गेला आणि अडीच तासांहून अधिक काळ जमिनीला चिकटून राहिला. कुस्ती निकाली झाली नाही. १७ सप्टेंबरला पुन्हा लढत ठरली, पण झिबिस्को मैदानात आलाच नाही. पट्टा गामांना मिळाला. मायदेशी परतल्यावर त्यांनी जवळजवळ सात फूट उंचीच्या रहीम सुलतानीवाला यांना अलाहाबादेत हरवून रुस्तुम-ए-हिंदचा मान मिळविला. आपल्याकडे कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान १९१२ साली खुले झाले, तेव्हा पहिल्या मोठ्या कुस्तीत इमामबक्ष होते.

येथवरची कथा कोणत्याही मोठ्या पहिलवानाची असू शकेल. गामांचे वेगळेपण पुढे दिसते. विलायतेनंतर अठरा वर्षे गेली. या काळात झिबिस्को जगज्जेता होऊन चुकला होता. गामांशी भिडायला तयार होणारे मल्ल तर फारसे उरलेच नव्हते. समोर लढत नसताना रोज पहाटे उठून घाम गाळायचा कशासाठी, असे कोणालाही वाटले असते. गामांनी मेहनत सोडली नाही. जानेवारी १९२८ मध्ये पतियाळाला दोघे पुन्हा समोरासमोर आले. गामांचे वय तेव्हा ४९ होते. लंडनला अडीच तासांत जे झाले नव्हते, ते पतियाळाला एका मिनिटाच्या आत झाले. झिबिस्को चीतपट झाला. जी अठरा वर्षे लोकांना रिकामी वाटली, त्या वर्षांतील मेहनतीचे हे फळ होते.

या ताकदीचा खरा कस १९४७ साली लागला. फाळणीच्या दंगलीत लाहोरच्या मोहनी रोडवर, त्यांच्या शेजारी, हिंदू कुटुंबे राहत होती. चालून आलेल्या जमावापुढे गामा आपल्या पठ्ठ्यांसह उभे राहिले आणि शेजाऱ्यांच्या केसालाही धक्का लागू दिला नाही. तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. पुढचे दिवस आजारपणाचे व ओढगस्तीचे गेले. भारतातून उद्योगपती घनश्यामदास बिर्लांनी त्यांना मदत पाठविली. २३ मे १९६० रोजी लाहोर येथे त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रहो, गामांचे आकडे गिरवू नका. पाच हजार बैठका हा त्यांचा हिशेब होता आणि तोही लहानपणापासून पायरी पायरीने चढत गेलेला. एकदम त्याची नक्कल करणारा गुडघे धरून बसेल. प्रकृतीची तक्रार असेल त्याने आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. घ्यायचा तो त्यांचा नेम. रोज फक्त तीस बैठका काढल्या तरी वर्षाच्या १०,९५० होतात. त्याला तालीम लागत नाही की महागडा खुराक लागत नाही. घराचे अंगण किंवा वसतिगृहाची गच्ची पुरते. आपल्या मुलींनीही मागे राहण्याचे कारण नाही. रोज अर्धा तास भरभर चालणे त्यांच्याही हातचे आहे. वेळ एकच ठेवावी. फज्रच्या नमाजनंतरची उत्तम. एखादा दिवस चुकला तर मन खट्टू करू नये, पण दुसरा दिवस चुकू देऊ नये. परीक्षा आहे म्हणून व्यायाम सोडू नये. अभ्यासाला बसण्याची ताकद त्यातूनच येते.

नारायणगडाची वाट चढणारा एका दमात वर पोहोचत नाही. तो एकेक पाऊल टाकतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतो. अल्लाह आपल्या मुलामुलींना असा नेम पाळण्याची तौफिक देवो आणि अंगी आलेले बळ दुबळ्यांच्या रक्षणासाठी वापरण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.