अंकांचे सोयरे

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म समुद्रकाठच्या डहाणू गावी १७ जानेवारी १९०५ रोजी झाला. ते आठ वर्षांचे असतानाच त्यांचे मातृछत्र हरपले. वडील कारकून होते, पण त्यांना फलज्योतिषाचा मोठा नाद. कुंडली मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच. तिच्यातून मुलाला अंकांचा लळा लागला तो कायमचा.

ठाण्यास शालेय शिक्षण संपवून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. तेथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. पदवीनंतर १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीच्या शाळेत अध्यापन केले. उच्च पदवी नाही, विद्यापीठाचा आधार नाही. काही पंडितांना तर त्यांचे संशोधन पोरखेळ वाटे. कापरेकर मात्र आपल्या पुस्तिका स्वतःच छापून काढीत राहिले.

मुंबईजवळच्या डेम्लो स्थानकावर त्यांना एक कल्पना सुचली, म्हणून त्या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो संख्या’ असेच नाव दिले. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१. नऊ एककांनी बनलेल्या संख्येचा वर्ग येतो १२३४५६७८९८७६५४३२१. अंक पायरीपायरीने नवापर्यंत चढतात आणि तसेच खाली उतरतात! आता ही चढण दहापर्यंत नेऊन मग उतरावे. १२३४५६७८९१०९८७६५४३२१ ही वीस अंकी संख्या मिळते. रूप तेच, स्वभाव मात्र अगदी निराळा. ही कोणाचाही वर्ग नाही. १ आणि ती स्वतः यांवाचून तिला कशानेही निःशेष भाग जात नाही. ती मूळ संख्या आहे. केवळ भागाकार करून याची खात्री पटवायची, तर सुमारे साडेतीन अब्जांपर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी तिला भागून पाहावे लागेल.

कापरेकरांनी आणखी एक प्रकार शोधला. २१ मध्ये तिचेच अंक, २ आणि १, मिळवले की २४ होतात. म्हणजे २१ ही २४ ची जननी. पण ९७ ला अशी जननीच नाही. अशा संख्यांना त्यांनी ‘स्वयंभू’ म्हटले. ‘देवळाली संख्या’ हे त्यांचे दुसरे नाव. ९७ तर स्वयंभूही आहे आणि मूळही.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ चे नवल मांडले. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिच्या अंकांपासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान वजा करावी आणि उत्तरावर पुन्हा तेच करावे. १९६२ घेतल्यास ९६२१ वजा १२६९ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. सातपेक्षा अधिक वजाबाक्या कधीच लागत नाहीत. १९०५ ला, म्हणजे त्यांच्याच जन्मवर्षाला, नेमक्या सात लागतात.

१९६६ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन अपुरे पडे, म्हणून कापरेकर मुलांच्या शिकवण्या घेत. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा देवळालीच्या या शिक्षकाचे नाव जगभर झाले. त्या वेळी त्यांनी सत्तरी गाठली होती. १९८६ साली देवळालीतच त्यांचे निधन झाले.